मनोरा हलत नाही

३ जून १९५४
गूळ कंपनीचा लोखंडी मनोरा तयार. उंची साठ फूट. वरच्या खोलीत बसून उचगावकडून येणाऱ्या गाड्या नोंदायच्या. मालक हंबीरराव म्हणाले, वर बसेल तो हेडक्लार्क. बाकीचे जिन्याकडे बघून मागे सरकले. मी हात वर केला.

९ जून
वारा सुटला. शिपाई पिराजी म्हणतो, खोली हलते. त्याला समजावलं, लोखंड हलत नसतं, मन हलतं. छताचा कंदील झुलत होता, तो खिळ्याला बांधून टाकला. प्रश्न मिटला.

१४ जून
जांभया. डोकं जड. मळमळ. कारण सापडलं: कालची वांगी. उद्यापासून फक्त ताक.

१५ जून
ताकानेही मळमळ.

१८ जून, रात्री
दौतीतली शाई एका बाजूला जाते, परत येते. शाई हलक्या प्रतीची आहे, दुकानदाराला बोलणार. घरी जेवताना सरोजिनीने विचारलं, पाटावर बसून डुलताय कशाला. म्हटलं, विचार करतोय.

२२ जून
पिराजी सगळ्यांना सांगत सुटलाय की वर माणूस टिकायचा नाही. मालकांनी माझा रिपोर्ट मागितला. हेडक्लार्कची ऑर्डर अजून निघायचीय. लिहिलं: ‘मनोरा हलत नाही. हलल्याचा भास दुर्बल मनाच्या माणसांना होतो. अशांना खालीच ठेवावे.’ अक्षर जरा वाकडं आलं. टेबलाचा एक पाय आखूड असावा.

२६ जून
हेडक्लार्क झालो. रिपोर्टप्रमाणे पिराजीची बदली तळमजल्यावर. जाताना हसत होता. मन दुर्बलच.

३ जुलै
वाऱ्याचा कहर. नोंदवहीवर ओकलो. उतरावं म्हटलं तर जिनाही हलतो. चार तास खिडकीची चौकट धरून उभा. व्यायाम झाला.

५ जुलै
खाली बसण्यासाठी अर्ज केला. कारण: गुडघे.

७ जुलै
अर्ज परत. सोबत माझाच रिपोर्ट टाचलेला, दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ. मालक विचारतात, आपण दुर्बल मनाचे आहात काय? असल्यास पदाचा फेरविचार करू.
उत्तर पाठवलं: गुडघे बरे आहेत.

९ जुलै, दुपारी ३
वारा तसाच. जिना उतरण्याचा धीर नाही. चहासाठी हाक मारली. पिराजी कप घेऊन जिन्याच्या पायथ्याशी आला आणि थांबला. वर ये म्हटलं. खालून ओरडला,
“कसा येऊ, रावसाहेब? मी दुर्बल मनाचा हाय न्हवं. तुम्हीच लिवलंय की.”
कप दगडावर ठेवून गेला. चहा निवेपर्यंत मी वरून बघत होतो. कप अजिबात हलत नव्हता.