अकरा मुळं आणि एक गोळी

४ जुलै १९८८, सोमवार

इंदूला बँकेच्या परीक्षेसाठी पितांबर सरांनी वही दिली आहे. इंग्रजी शब्दांची मुळं – ग्रीक, लॅटिन. शब्द पाठ करू नका, फोडा, म्हणतात. तांदूळ निवडता निवडता मी तिच्याकडून म्हणून घेते. टेली म्हणजे दूर, फोन म्हणजे आवाज. मला मॅट्रिक होऊन तेवीस वर्षं झाली, पण शब्द असे फुटतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

६ जुलै

मेटर म्हणजे आई – आपली मातृ. डेंट म्हणजे दात – आपला दंत. परकं वाटतच नाही. इंदू म्हणते, "आई, तूपण फॉर्म भर." म्हटलं, आणि भाकरी कोण टाकेल, तुझे सर?

नेम असा ठेवला – संध्याकाळी दिवा लावला की अकरा मुळं, स्तोत्रासारखी. मग अंगारा. मग तिची पांढरी गोळी. मार्चमध्ये दोनदा फीट आली, तेव्हापासून एक दिवस चुकली नाही. डॉक्टरांनी तीन वर्षं सांगितली आहेत. परीक्षा चोवीस तारखेला.

१० जुलै, रविवार

यांची थोरली बहीण, यशोदाअक्का, अमळनेरहून आल्या. जेवताना इंदूकडेच बघत होत्या. मग मोरीपाशी मला गाठलं. "पोरले धरेल शे. हाई बठ्ठं बाहेरनं शे. गोळ्या काय करतीन?"

म्हटलं, अक्का, बाहेरचं कोणी पोरीला धरलेलं नाही, डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलंय.

"नाव लिखं म्हनजे बरं व्हस का?"

११ जुलै

अक्का सकाळच्या एस.टी.ने गेल्या. मी डॉक्टरांचा कागद काढला. एपिलेप्सी. वहीत शोधलं. एपि – वर. लेप्सी – पकडणे, धरणे. वरून येऊन धरणे.

तीनदा पाहिलं. अक्कांना ए-बी-सी येत नाही. त्या म्हणतात तेच ग्रीकांनी म्हणून ठेवलंय. डॉक्टरांनीही स्वतःच्या हातानं तेच लिहिलंय. मग गोळी कशाला?

१२ जुलै

आजपासून गोळी बंद. देवीपुढे अकरा दिवसांचा पाठ धरला. इंदू घाबरेल म्हणून तिला सांगितलं नाही. यांनाही नाही. माझी कॅल्शियमची गोळी तशीच पांढरी असते. तीच दिली.

१५ जुलै

इंदू ताजीतवानी दिसते. मार्चपासूनच्या सकाळच्या डुलक्या गेल्या. देवी पावली.

१८ जुलै

आजचा पाठ झाला. अकरा मुळं झाली.

२१ जुलै, गुरुवार

दुपारी इंदू ओट्यापाशी पडली. हातात कणकेची परात होती. दोन मिनिटं असेल, पण ती दोन मिनिटं कशी गेली ते देवालाच ठाऊक. ओठ चावला गेला. मी पदरानं रक्त पुसत होते आणि हे म्हणत होते, "रोज गोळी घेऊनसुद्धा?" मी सांडलेली कणीक गोळा करायला लागले.

संध्याकाळी हे दवाखान्यातून निरोप घेऊन आले. एवढी गोळी लागू पडत नाही, दुप्पट करावी लागेल, उद्या पोरीला आणा.

तिनं दहा दिवस घेतलीच नाही, त्या गोळीची दुप्पट. मी गप्प राहिले तर तेच होणार. पाठाचा उद्या शेवटचा दिवस. आज ओळ मध्येच विसरले.

२२ जुलै

डॉक्टरांनी पेन उचललं तेव्हा सांगितलं. सगळं, यांच्यासमोर. इंदू बाहेर बाकावर होती. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी इंदूची मुळांची वही पिशवीत घालून नेली होती, ती पुढे केली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, अर्थ बरोबर काढलात. पण ज्यांनी नाव ठेवलं त्यांना मेंदूच्या आतलं दिसत नव्हतं. माणसाला काहीतरी धरतं, एवढंच दिसलं. मलेरियाचा मूळ अर्थ माहितीये? खराब हवा. म्हणून आपण हवेवर औषध मारतो की डासांवर?"

गोळी एकदम तोडली की फीट येऊ शकते, हे त्यांनी मार्चमध्येच बजावलं होतं. तेव्हा मी मान हलवली होती. आता पुन्हा तीच गोळी, तेवढीच. दुप्पट नाही. पाठ खुशाल करा, म्हणाले, गोळी देऊन करा. परीक्षेला बसू द्या, कोणीतरी सोबत जा.

रिक्षात हे हळूच म्हणाले, "मला विचारायचं तरी."

घरी आल्यावर पाठ पूर्ण केला. मग गोळी दिली. पाकीट दोनदा वाचलं.

२४ जुलै, रविवार

शाळेच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली तीन तास बसले. इंदू हसत बाहेर आली. "आई, चार शब्द तर फोडूनच काढले." तिला अजून काही सांगितलेलं नाही. हे म्हणतात, मी सांगणार नाही, ते तुझं काम.

२५ जुलै

इंदूला सांगितलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं – गोळी नेहमीसारखी कडू लागली नाही. म्हटलं, मग घेतलीस कशाला गं?

म्हणाली, "तू दिलीस ना."