घर मीच बघायचो

४ मार्च, मंगळवार
सकाळी वकिलांकडे. बाहेरच्या बाकावर बराच वेळ, आत दहा मिनिटं. येताना दूध आणलं. दुपारी सकाळचाच भात. बाकी काही नाही.

ताईच्या अपघाताला चार महिने झाले. ती हॉस्पिटलच्या पहाटेच्या ड्युटीला निघाली होती. नाक्यावर बेकरीचा टेम्पो रिव्हर्स घेत होता. मागे बघायला दुसरा माणूस नव्हता आणि मागचा हॉर्न बंद होता. एवढं पुरे. ही वही केसच्या नोंदींसाठी आहे. मन मोकळं करायला नाही.

वकील म्हणाले, टेम्पोची चूक उघड आहे, त्यात आपल्याला काही करायचं नाही. प्रश्न तुमचा आहे काका. बायको-मुलं असती तर कोणी विचारलं नसतं. भाऊ म्हटला की विमा कंपनी विचारणार, हा बहिणीवर अवलंबून होता का? होता असं दिसलं तर भरपाई चांगली. नाही तर नावापुरती.

मी म्हणालो, मी कोणावर अवलंबून नव्हतो. उलट ताईला मीच सांभाळायचो.

वकिलांनी पेनला टोपण लावलं. म्हणाले, काका, हे वाक्य इथेच ठेवून जा.

ठरवलं: रोज संध्याकाळी अर्धा तास केसचा अभ्यास. अपघाताच्या जागेचा नकाशा, स्केलवर. डोळ्यांचे थेंब वेळच्या वेळी.

७ मार्च
अभ्यास उद्यापासून.

थेंबांबद्दल. काचबिंदू आहे, म्हणून दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ. ताई घालायची. नर्स असल्यामुळे तिला सवय होती आणि घातले की तिला बरं वाटायचं, म्हणून मी घालू देत होतो. आता स्वतः घालतो. एक कपाळावर पडला, एक कानात गेला. बाटलीचं तोंड सदोष आहे.

मेडिकलवाला म्हणाला, काका, ही तर तुम्ही परवाच नेली होती. म्हटलं, डोस वाढलाय.

११ मार्च
वकिलांना माझी माहिती लिहून हवी आहे. लिहिली ती अशी: पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. आठ वर्षांपूर्वी तत्त्वाच्या मुद्द्यावर नोकरी सोडली. डॉक्टरांचा डोळ्यांबद्दलचा कागदही त्याच सुमारास आला, पण तो योगायोग. त्यानंतर पगार ताईचा आणि घराचं व्यवस्थापन माझ्याकडे. उदाहरणार्थ, विजेचं बिल आलं की मी तिला सांगायचो, बिल आलं. मग ती भरायची. कामाची वाटणी होती.

भाचीचा फोन. धाकट्या बहिणीची मुलगी. विचारत होती, मामा, जेवलास का? म्हटलं, कुकर बिघडलाय, धूर येतो. म्हणाली, खाली पाणी घातलं होतंस का? भांड्यातल्या पाण्याशिवाय आणखी वेगळं पाणी कुकरच्या तळाला घालायचं असतं, असं तिचं म्हणणं आहे. यावर मतभेद असू शकतात.

१९ मार्च
घरमालक आले होते. भला माणूस, बुटात पाय घालून निघेपर्यंत मूळ मुद्दा काढला नाही. भाडेकरार ताईच्या नावावर आहे. म्हणाले, डिसेंबरपर्यंत थांबतो, पुढे बघा तुमचं काय ते.

भाची म्हणते, माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. तिला सांगितलं, भरपाई आली की प्रश्न मिटतो. हे घर सोडायचं नाही. ताईची खोली होती तशी आहे. फक्त पंखा पुसायचा आहे. रविवारी पुसतो.

२ एप्रिल
नकाशाचं काम सुरू. पहाटे नाक्यावर गेलो. टेप घरी राहिली, म्हणून पावलांनी मोजलं. तेवढ्यात तोच टेम्पो आला, दुसरा ड्रायव्हर. रिव्हर्स घेताना मागचा हॉर्न वाजला. आता दुरुस्त केलाय. चांगला मोठा वाजतो. नाक्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतका.

थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पुढची मापं राहिली.

२४ एप्रिल
नकाशा वकिलांकडे दिला. उत्तर दिशेचा बाण विशेष चांगला आला होता. ते म्हणाले, वा. मग त्यावर चहाचा कप ठेवला.

पुन्हा तोच विषय. म्हणाले, काका, जबाबात एकच वाक्य लागेल. मी सर्वस्वी माझ्या बहिणीवर अवलंबून होतो. मान खाली घालून म्हटलंत तर उत्तम. घरी तयारी करा.

ठरवलं: रोज आरशासमोर.

२६ एप्रिल
आरशासमोर. आधी ‘सर्वस्वी’ गाळलं, कारण अतिशयोक्ती. मग ‘अवलंबून’पर्यंत आलो आणि खोकला लागला. आरशावर धूळ आहे, तिचा परिणाम.

पंखा राहिलाच.

९ मे
आज वकिलांना स्पष्ट सांगितलं. ताई सगळ्यांना सांगायची, घर हा बघतो, म्हणून मी निर्धास्त नोकरी करते. शेजाऱ्यांना सांगायची, मेडिकलवाल्याला सांगायची, वॉर्डातल्या नर्सेसना सांगायची. ती गेल्यावर भेटायला आलेल्या नर्सेसनी मला तेच ऐकवलं. म्हणाल्या, आमच्या सिस्टर म्हणायच्या, भाऊ आहे म्हणून घर आहे.

वकील म्हणाले, काका, त्या मायेने म्हणायच्या.

मी म्हणालो, ताई खोटं बोलत नसे. इंजेक्शन दुखणार असेल तर लहान मुलालासुद्धा सांगायची, दुखणार आहे. मी शपथेवर तिला खोटं पाडू?

वकिलांनी बराच वेळ टेबलावरची टाचणी उभी करून बघितली. ती राहिली नाही. शेवटी म्हणाले, बरं, मधला मार्ग काढू. आम्ही एकमेकांवर अवलंबून होतो, एवढं तरी म्हणाल?

विचार करून सांगतो म्हटलं.

१७ जून
कोर्टाची पहिली तारीख. ठरवून गेलो होतो की टेम्पोच्या ड्रायव्हरकडे बघायचं नाही. बघावंच लागलं तर थंड नजरेने.

बाहेर एकच बाक, त्यावर एकच जागा आणि ती त्याच्याशेजारी. पायांसाठी बसलो. किरकोळ माणूस. शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं. मांडीवर पिशवी.

थेंबांची वेळ झाली. सकाळी गडबडीत राहिले होते, म्हणून बाटली खिशात आणली होती. मान मागे करून घालायला गेलो, गालावर ओघळ. पुन्हा केलं, पुन्हा तेच. समोरच्या बाई माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागल्या. त्यांना वाटलं असेल मी रडतोय.

तो म्हणाला, द्या इकडे. आईला मीच घालतो. मान मागे करा काका, डोळा मिटू नका.

दोन्ही थेंब एकेका प्रयत्नात. हात स्थिर. हे केसच्या दृष्टीने महत्त्वाचं. इतका स्थिर हात असलेल्या माणसाने टेम्पो नीट का घेतला नाही, हे विचारता येईल.

त्याने विचारलं, घरी कोण घालतं? म्हटलं, मीच. त्याने बाटलीचं टोपण घट्ट लावून परत दिली. मग म्हणाला, काका, त्या दिवशी मी... मी म्हणालो, आता आपला पुकारा होईल.

पुकारा झाला नाही. साहेब रजेवर होते.

३० जून
पुढची तारीख ऑगस्टमध्ये. वकिलांना ‘एकमेकांवर’ चालेल असं कळवलं. हा माझ्याकडून मोठा त्याग आहे.

तयारी पक्की. आरशासमोर आज पूर्ण वाक्य आलं. एकदाच, पण स्वच्छ. आता काळजी नाही.

भाचीने फोनवरून वरण शिकवलं. खालचं पाणी घातलं. तिच्या म्हणण्यात तथ्य असू शकेल.

२१ ऑगस्ट
माझा जबाब झाला. वकिलांनी विचारलं तेव्हा सगळं नीट. ‘एकमेकांवर’ म्हणालो. खोकला नाही.

मग उलटतपासणी. विमा कंपनीच्या वकीलबाई. कडक बोलतील असं वाटलं होतं. पण किती सभ्य. पहिल्यांदा म्हणाल्या, तुमचं दुःख मी समजू शकते. मग म्हणाल्या, नकाशा तुम्ही स्वतः काढलात? सुरेख आहे. चहाच्या डागाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्या म्हणाल्या, तुमच्यासारखा शिकलेला, स्वाभिमानी माणूस बहिणीच्या जिवावर बसून राहील असं मला तरी वाटत नाही. म्हटलं, बरोबर. त्या म्हणाल्या, ताई ड्युटीवर गेल्या की घर कोण बघायचं? म्हटलं, मीच. ताई स्वतः सगळ्यांना तसं सांगायची. त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नसत. म्हटलं, कधीच नाही. आता सगळं स्वतःचं स्वतः करता? म्हटलं, सगळं. औषधपाणीसुद्धा? म्हटलं, तेही.

माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला होता. त्यांना उन्हाचा त्रास आहे.

ड्रायव्हर मागच्या रांगेत होता. ‘तेही’ म्हणालो तेव्हा माझी नजर तिकडे गेली. त्याने मान खाली घातली. अपराधी भावना, दुसरं काय.

एकूण जबाब उत्तम झाला. इतक्या महिन्यांत समजून घेणारं कोणीतरी भेटलं.

२२ ऑगस्ट
वकील फोन उचलत नाहीत. कामात असतील.

६ सप्टेंबर
वकील भेटले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, काका, त्यांनी तुम्हाला एकही अवघड प्रश्न विचारला नाही हो.

भाचीला जबाब वाचून दाखवला. ऐकून घेतला. म्हणाली, मामा, तुला माहीत आहे ना, ताईमावशी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून जायची, ‘मीठ’, ‘साखर’, तुझ्यासाठी? म्हटलं, त्या तिच्या स्वतःसाठी होत्या. भाची म्हणाली, बरं.

१४ ऑक्टोबर
निकाल.

टेम्पोची चूक शंभर टक्के मान्य. आपली बाजू जिंकली. पुढे असं आहे की, अर्जदार मृत बहिणीवर अवलंबून नव्हता, उलट घर तोच बघत असे, हे त्याच्या शपथेवरील जबाबावरून सिद्ध होते. सबब भरपाई नावापुरती.

त्या परिच्छेदाची झेरॉक्स मागितली. वकील म्हणाले, कशाला? म्हटलं, असावी जवळ. कोर्टाच्या शिक्क्याचा कागद आहे आणि ताई म्हणायची तेच त्यावर लिहिलंय.

ठरवलं: अपील. वकील म्हणाले, कोणाविरुद्ध करायचं काका? तुमच्याच तोंडाविरुद्ध?

खाली फाटकाशी ड्रायव्हर उभा होता. म्हणाला, थेंब घालताय ना नीट? म्हटलं, हो. म्हणाला, आडवं होऊन घाला. बसून नाही जमत एकट्याला.

२ नोव्हेंबर
एक वर्ष झालं. पहाटे जाग होती. काही केलं नाही.

१८ डिसेंबर
अपिलाची मुदत असेल किंवा गेली असेल. बघायचं आहे.

डबे रिकामे करतोय. चिठ्ठ्या निघत नाहीत, ओल्या फडक्याने ओढल्या तर फाटतात. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ आणि खाली बारीक अक्षरात ‘थोडंच’. हे तिने स्वतःसाठी कशाला लिहिलं असतं. डबे तसेच नेतो.

२८ डिसेंबर, रविवार
भाची दुपारी येणार. सामानाला तिने टेम्पो ठरवलाय. फोनवर म्हटलं, गल्ली अरुंद आहे, रिव्हर्स घ्यावा लागेल, मागे एक माणूस पाहिजे. ती म्हणाली, मी उभी राहीन मामा.

त्याच दिवशी, सकाळी अकरा
खाटा खोलून भिंतीला लावल्या. ताईच्या खोलीत फरशीवर सतरंजी अंथरली आणि आडवा झालो. वर पंखा. पुसायचा राहिलाच. ती म्हणायची, थेंबाकडे बघू नकोस, पंख्याकडे बघ.

पंख्याकडे बघितलं. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाकडे गेला. तिसरा आत गेला.

डोळा मिटून पडून राहिलो, ती सांगायची तेवढा वेळ. मग उजवा.