दारालगतचा पहिला खिसा

माय, आज सुनेनं भिंतीवर कप्प्यांची पिशवी टांगली. जुन्या जीन्सचे खिसे कापून तिनं स्वतः शिवली आहे. ती कौतुकानं दाखवत होती, मी मान डोलावत होतो, पण पिशवीजवळ जात नव्हतो. नव्वदीला टेकलेला माणूस खिशांना भितो, हे तिला काय सांगू? तुला सांगतो.

एटापल्लीकडच्या त्या गावात मला मास्तरकी मिळाली आणि तू कुरखेड्याहून माझ्यासोबत राहायला आलीस. बाबा जंगलखात्यात गार्ड होते; ते गेल्यावर त्यांचा खाकी कोट आणि दोन विजारी तू गाठोड्यात बांधून आणल्या होत्या. कुडाच्या त्या घरात कोनाडा नाही, फळी नाही. भुईवर काही ठेवावं तर वाळवी, आणि उचलायला जावं तर खाली काय वेटोळं घालून बसलं असेल याचा नेम नाही. तू पहिल्याच आठवड्यात कोट-विजारींचे खिसे उसवलेस, जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर दोन ओळींत आठ खिसे दाभणानं शिवलेस, वरच्या काठात बांबूची कामटी ओवलीस. तेलाच्या रिकाम्या डब्याची कापलेली कड दगडावर ठेचून बोथट केलीस आणि त्यात पळ्या-उलथणी उभी केलीस. दारालगतच्या पहिल्या खिशात हिवतापावरचं कोयनेल, शेवटच्यात उंदराचं औषध. मधे ओवा, सुंठ, सुईदोरा. तुला वाचता येत नव्हतं, पण त्या धुरकट अंधारात तुझा हात न चुकता हवं तिथंच जायचा.

मी वीस वर्षांचा. कविता चालीत म्हणणारा, मुळाक्षरांच्या वळणावर जीव असलेला. मला वाटलं, मायला या खिशांवरच अक्षरं शिकवावी. तू बाजाराला गेलीस त्या दुपारी मी सगळं काढलं आणि अक्षरांच्या क्रमानं लावलं. उ आधी, मग ओ, मग क. खिशांवर अक्षरं काढायला बसलो तर दौतीत शाई नव्हती. उद्या काढू म्हटलं. तू आलीस ती अंग दुखतं म्हणत आडवी झालीस. सकाळी तू झोपेत होतीस आणि मी शाळेला निघालो. सांगायचं राहिलं.

शाळा नाल्यापलीकडे, दीड मैलावर. मुलं फळ्यासमोर बसून एका सुरात म्हणतायत, अ अननसाचा, आ आईचा. उ उंदराचा म्हणाली आणि माझ्या हातातला खडू खाली पडतो. पहिला खिसा. मी पोरांना काही न सांगता पळत सुटतो. एरवी त्या सागाच्या वाटेवर मी अस्वलाच्या भीतीनं मोठमोठ्यानं कविता म्हणत जायचो. त्या दिवशी एक ओळ तोंडात येत नाही. पाचोळा वाजतो तो माझ्याच पायांचा, आणि मला वाटतं कुणीतरी माझ्यापुढे पळतंय, माझ्याआधी घरी पोचणार आहे.

तू भिंतीला टेकून बसली होतीस. दात वाजत होते. तळहातावर पांढरी पुडी उघडलेली. घागर रिकामी होती, शेजारची बाई पाणी आणायला गेली होती, एवढ्यावरच तू वाचली होतीस. मी तुझ्या हातावर फटका मारला. पुडी चुलीच्या राखेत गेली.

“असा मारत असशीन त पोरं कायले येतीन शाळेत, मास्तर,” तू म्हणालीस. हसायचा प्रयत्न करत होतीस.

ते उंदराचं औषध होतं, मी म्हणालो. तू त्या पहिल्या खिशाकडे पाहिलंस. मग आपल्या हाताकडे.

“मीच ठेवलं असन, बाबू. आता डोस्कं ठिकाणावर नाई राह्यलं माह्यं.”

मी घागरीकडे पाहिलं. बाई पाणी घेऊन आली, मी कोयनेल शोधून तुला दिलं, आणि तू गोधडीखाली कुडकुडत असताना आठही खिसे पूर्वी तू लावले होते तसे परत लावून टाकले.

त्यानंतर तुझा हात परत त्या पिशवीत गेला नाही. सुई हवी असली तरी दारात बसून माझी वाट पाहायचीस. “पाहून दे बरं, बाबू.” ओव्याची पुडीसुद्धा नाकाशी नेऊन, मला दाखवून, मग उघडायचीस. पुढं अकरा वर्षं, तू जाईपर्यंत, तू स्वतःच्याच हातांना भीत राहिलीस आणि मी रोज पाहून देत राहिलो. गावात म्हणायचे, मास्तर मायची किती सेवा करतो.

तू दोष आपल्यावर घेतलास, त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, माय.

हे पत्र तुला मिळालं असतं, तरी ते तुला मीच वाचून दाखवलं असतं. आणि ही वरची ओळ मी गाळली असती.