काडेपेटीतली माशी

गुडगाव, १२ ऑगस्ट १९९६

ती. तात्यांना,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून तुमचं पत्र म्हणजे पोस्टकार्डावर दोन ओळी. प्रकृती ठीक, काळजी नसावी. मला मात्र फार काळजी वाटते.

असो. आता तुमच्यातल्या गुरांच्या डॉक्टरांचा सल्ला हवाय. इथे माशा चावतात, अगदी मोज्यांवरून! यतीन शेजारच्या गावातल्या म्हशींना दोष देतो. त्या हलवा म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषणही ठोकलं. रविवारी मात्र साहेब हौसेनं लॉन कापतात आणि गवत कूलरमागे ढकलतात. काडेपेटीत एक माशी पाठवते आहे. ओळखा, आणि जरा सविस्तर लिहा.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
वैजयंती

सातारा, २१ ऑगस्ट

चि. वैजयंतीस,
अ. उ. आ.

एक पंख पोस्टानं खाल्ला, तरी ओळख पटली. ही गोठ्यातली चावरी माशी. दिसायला घरमाशीसारखी, पण सोंड सुईसारखी ताठ, पुढे आलेली. भिंतीवर बसते ती डोकं वर करून. भरदिवसा घोट्याला चावते. नर-मादी दोघंही रक्त पितात. याबाबतीत नवराबायकोत मतभेद नाहीत. अंडी ओल्या, कुजत्या गवतात. जावईबापूंना म्हणावं, म्हशींवर बोलण्याआधी कूलरचं पाणी कुठे ठिबकतं ते बघा. ढीग उन्हात पातळ पसरा.

माझ्या खिशात अशा माशा असायच्या, म्हणून तुझी आई धुण्याआधी खिसे तपासायची. आता कोणी तपासत नाही.

सर्वांना आशीर्वाद.
तात्या

गुडगाव, ८ सप्टेंबर

ती. तात्यांना,
शि. सा. न. वि. वि.

ढिगात अळ्याच अळ्या! यतीननं गवत पसरलं, मीटिंगमध्ये माफी मागितली, आणि आता त्याच म्हशींचं दूध आणायला स्वतः जातो. तरी एक माशी उरली आहे, सोबत पाठवते. सोंड नीट बघून कळवा. आईबद्दलही लिहा.

माया असू द्या.
वैजयंती

सातारा, १७ सप्टेंबर

चि. वैजयंतीस,
अ. उ. आ.

ही साधी घरमाशी आहे. दहाव्या वर्षी माझ्या भिंगाखाली तू दोन्ही न चुकता ओळखायचीस. म्हणजे पहिलीही ओळखली होतीस, आणि मी मात्र प्राध्यापकासारखा शिकवत बसलो!

पण लिहून बरं वाटलं. घर खायला उठतं, हे तुला कळवायचं टाळत होतो. दिवाळीला येतोय, तिकीट काढलं आहे. भिंगही आणतो.

काडेपेट्या मात्र बंद कर, पोस्टमन बिचकतो. नुसतं पत्र पाठवलंस तरी उत्तर देईन.

तुझा,
तात्या