स्वहस्ते बनवलेला मोर

३ मे, रविवार
सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी काशीनाथ गावंड म्हणाले, सुट्टीत पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून गाड्यांच्या काचा फोडतात, कोणीतरी त्यांना एक रविवार गुंतवा. सगळे मोबाईलमध्ये बघायला लागले. मी हात वर केला. पुढच्या रविवारी मुलांची कार्यशाळा: रंगीत कागदी मोर.

मोर मी कधी बनवलेला नाही. पण कंपनीत ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे, चारशे माणसांना टाइम मॅनेजमेंट शिकवलंय. पंधरा-वीस पोरं म्हणजे काय!

गावंड म्हणाले, मोर कशाला, बगला करा, पांढरा कागद दुमडला का झाला, आपल्या खाडीत हाय तो रोज. दृष्टीच नाही माणसाला.

आमचा संघर्ष आता चौथीत जाईल. तो लगेच दोन्ही विंगमध्ये सांगून आला, माझे पप्पा शिकवणार. ऊर भरून आला. एरवी मी ऑफिसातून येतो तेव्हा तो झोपलेला असतो.

संकल्प: रोज सहाला उठून एक मोर. शिवाय ही रोजनिशी. यात सगळं खरं लिहायचं, कारण वाचणारं कोणी नाही.

४ मे
उठलो ८.१०. हरकत नाही. आधी प्लॅनिंग, मग कृती. लंच टाइममध्ये पीपीटी केली. ३४ स्लाइड्स. पहिली: 'पक्षी म्हणजे काय?' मोर एकतिसाव्या स्लाइडवर येतो. उत्सुकता ताणायला हवी.

५ मे
ऑफिसातून लवकर सुटून भाईंदर वेस्टला स्टेशनरीच्या दुकानात. कार्डशीट, ग्लेझ पेपर, गोंद, टिकल्या, हलणारे डोळे. दुकानदाराने विचारलं, साब, कौनसी क्लास का प्रोजेक्ट है, रेडीमेड दे दूँ? मी ताठ मानेने सांगितलं, हम खुद बनाते हैं. तो म्हणाला, सब यही बोलते हैं, फिर शनिवार को आते हैं. अशा लोकांमुळे पुढची पिढी बिघडते.

६ मे, सकाळी ७
मोर क्र. १ तयार. मानसीने विचारलं, बॅडमिंटनचं फूल का? बायकोकडून कौतुकाची अपेक्षा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडली. संघर्ष म्हणाला, पप्पा, कोंबडी मस्त झालीय. लहान मुलांची नजर वेगळी असते.

एक पीस मी चिकटवू का, असंही त्याने विचारलं. नको म्हटलं. क्वालिटी एकदा गेली की गेली. मग खाली पडलेले कागदाचे तुकडे गोळा करून घेऊन गेला. चांगली सवय.

७ मे
मोर क्र. २. मान उभी राहत नाही. दोष गोंदाचा, आणि इथल्या दमट हवेचा. राजस्थानात मोर उगाच नाहीत.

संघर्ष म्हणाला, शाळेत टीचरने पंजाचा पक्षी शिकवलाय, दाखवू? म्हटलं, रविवार होऊ दे.

८ मे
ग्रुपवर नोटीस टाकली. मुलांनी वेळेवर यावे. पालकांनी हात लावू नये, त्याने मुलांची कल्पकता मरते. तेवीस जणांनी अंगठा दिला. ए विंगच्या हंसाबेननी वर फुलंही पाठवली.

मोर क्र. ३ कॅन्सल. ऐन वेळी हात आपोआप चालतात, हा माझा अनुभव आहे.

९ मे, शनिवार
पुन्हा त्याच दुकानात. दुकानदाराने मला बघून रेडीमेड मोर काऊंटरवर आणून ठेवला, बस.

फक्त रेफरन्ससाठी घेतलाय. पण घरी मानसीने विचारलं, कोणी केला? तोंडातून निघून गेलं, मी. म्हणजे निवड माझी, त्या अर्थाने. संघर्ष मोराकडे बघतच राहिला. उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, भारी आहे पप्पा, आणि दोन्ही विंगमध्ये दाखवायला घेऊन गेला.

दुकानाची खूण कुठे राहिली नाही ना, ते मी जिन्यातच तीनदा तपासलं होतं. या बाबतीत मी फार काटेकोर. थोडं वाईट वाटलं. थोडंच.

१० मे, रविवार, सकाळी ९
सज्ज. नवा झब्बा घातलाय.

दुपारी २
सुरुवातीचा गोंधळ उन्हामुळे. पार्किंगच्या उजेडात प्रोजेक्टरचं काही दिसेना. चौथ्या स्लाइडला बी विंगचा साईराज एका गाडीखाली सरपटत गेला, मागोमाग दोघं. हंसाबेनचा दिपेश म्हणाला, अंकल, वो रहने दो ना, ये वाला बनाके दिखाओ. त्याचं बोट टेबलावर मांडलेल्या कालच्या मोराकडे.

सतरा पोरं गोल करून बसली. संघर्ष सगळ्यांत पुढे. आता बघाच, असा चेहरा.

मान कापली. चिकटवली. पडली. पुन्हा चिकटवली, तर माझ्या अंगठ्यालाच बसली. पोरं हसायला लागली. संघर्ष हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. ते मला बघवेना.

मग तोच उठला. म्हणाला, पप्पांनी मुद्दाम चुकवलंय, पुढचं मी दाखवायचं असं आमचं ठरलंय. आमचं असं काही ठरलं नव्हतं. खिशातून त्याने माझ्या मोरांचे उरलेले तुकडे काढले. कार्डशीटवर पंजा ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, कापला. अंगठा म्हणजे मान, बोटं म्हणजे पिसारा, त्यावर ते तुकडे. अर्ध्या तासात सतरा पक्षी. निळे, पिवळे, गुलाबी. एकाला सहा बोटं. गावंड म्हणाले, आमचा पन हात घे रं, बगला कर.

हंसाबेन टेबलावरचा मोर न्याहाळत होत्या. म्हणाल्या, भाईसाब, एकदम सेम टू सेम, पिछले साल दिपेश के प्रोजेक्ट में मैंने भी घर पे ऐसाच बनाया था. मी हसलो, त्याही हसल्या. मग त्यांनी मोर उचलून खालून बघितला. काही नव्हतं. जरा हिरमुसल्या.

एकूण कार्यशाळा यशस्वी. मुलांना नेतृत्वाची संधी द्यायची, हे माझं पहिल्यापासूनचं धोरण.

११ मे, सकाळी
कालचं वाचावं म्हणून वही उघडली. ९ मेच्या पानावर एक चौकोनी स्टिकर चिकटवलंय. चारही कडा नीट दाबून. 'रेडी प्रोजेक्ट: मोर. इ. २री ते ४थी.' खाली पेन्सिलीने संघर्षचं अक्षर.

'पप्पा हे मोराच्या पायाखाली होतं. सगळ्यांना दाखवायला नेलं त्याच्या आधी मी काढलं. कोणाला नाही सांगितलं. पुढच्या रविवारी आपण दोघंच करूया का? पीस तुम्ही चिकटवा.'

८.४० झाले. ऑफिसला उशीर.

संकल्प केला की आजपासून वही कुलपात ठेवायची. मग ती तशीच टेबलावर उघडी ठेवली. त्याच्या ओळीखाली पेन्सिलीनेच लिहिलं: हो. मान तू चिकटव.