फुटपाथवरच्या खांबाबाबत माझी शेवटची इच्छा

मी, सैन्यातला निवृत्त वायरलेस ऑपरेटर आणि अकरा वर्षे माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले.

१. घर मुलाला व सुनेला. बँकेतली ठेव मुलीला, कारण आईच्या आजारपणात रजा तिने काढली, मुलाने नुसते फोन केले. त्याने तोंड वाकडे करू नये.

२. पेचकस, पक्कड आणि जुना रेडिओ कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला. माणूस भांडकुदळ, पण हात चांगला.

३. संघटनेचे खजिनदार, ज्यांना आम्ही सगळे तोफ म्हणतो, त्यांना माझी कवायतीची शिट्टी. सहा वर्षांत त्यांनी माझे एक वाक्य पुरे होऊ दिले नाही. आता मैदान मोकळे आहे.

४. आता मुद्द्याचे. हे लिहायच्या आधी दोनदा उठून खिडकीतून खांब पाहून आलो.

आमची संघटना दरवर्षी शाळाशाळांत जाते. झेंडावंदन, संचलन, मग माझे भाषण: रांग मोडू नका, कचरा टाकू नका, फुटपाथवरूनच चाला. त्यानंतर 'चांगला नागरिक' निबंध स्पर्धा. निबंध मी तपासतो. गेल्या वर्षी नववीतल्या मुलीने लिहिले, 'साहेब फुटपाथवरून चालायला सांगतात. पण शहिदांचा खांब त्यांनीच फुटपाथवर बांधला आहे. माझ्या आजीला तिथे रस्त्यावर उतरावे लागते.'

खरे होते. संघटनेच्या कार्यालयाला अंगण नाही. शेजारी माझे आहे, पण तिथे मुलाची गाडी उभी राहते, म्हणून मी ते दिले नाही. निबंधावर लाल शाईने 'विषय सोडून' असा शेरा मारला आणि शून्य दिले. पोरीने खोटे लिहिले असते तर एवढा राग आला नसता.

तीन आठवड्यांनी त्याच खांबाला वळसा घालताना आजींना टेम्पोने उडवले. खुब्याचे हाड मोडले. त्या शिवणकाम करतात, पायमशीन बंद पडले. मी सफरचंदे घेऊन दवाखान्यात गेलो. त्या म्हणाल्या, "साहेब, नातीवर रागावू नका हं. जरा जास्तच लिहिते ती."

मी सफरचंदे उशाशी ठेवून परत आलो. वायरलेसवर चुकीचा निरोप गेला, तर ज्याने पाठवला त्यानेच लगेच दुरुस्ती पाठवायची, हा आमचा पहिला धडा. मी वर्षभर गप्प बसलो. मला माझी लाज वाटते.

५. म्हणून माझ्या मृत्यूनंतर अंगणाचा रस्त्याकडचा दहा फूट भाग संघटनेला द्यावा आणि खांब आत आणावा. तोफ गरजतील, "स्मारक हलवायचं? हा हुतात्म्यांचा अपमान आहे!" खांबावर कोरलेल्या नावांतले दोघे माझ्या तंबूत झोपत. दोघांना मी ओळखतो. त्यांनी कुणाच्या म्हातारीला रस्त्यावर उतरू दिले नसते.

६. साक्षीदार म्हणून आजींना मुद्दाम बोलावले. नातीचा हात धरून, काठी टेकत आल्या. सगळा कागद वाचून दाखवला. कलम चारला पाणी प्यावे लागले. नात माझ्याकडे बघत राहिली. आजींनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी रस्त्यावरूनच जायचं?"

कलम पाच रद्द. गवंड्याला फोन केला, तो उद्या सकाळी आठला येतो. मुलाने गाडी आजच बाहेर काढावी. तोफांना मी स्वतः जाऊन सांगेन आणि या खेपेला वाक्य पुरे करीन.

बाकीची कलमे कायम.

स्थळ: अंगणाकडची खोली. दिनांक: नऊ जून, रविवार, दुपार.

लिहून देणार: निवृत्त वायरलेस ऑपरेटर (सही)

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: शिवणकाम करणाऱ्या आजी (सही केली नाही. "खांब आत आला की करते," म्हणाल्या.)