लाल-निळी पेन्सिल

पप्पा, आज रविवार आहे आणि मी चर्चमध्ये उपासनेला गेले नाही. सकाळपासून सानपाड्याच्या ह्याच स्वयंपाकघरात, तुमच्या खुर्चीवर बसून एक रिपोर्ट लिहिते आहे. उद्या दहा वाजता तो द्यायचा आहे. सगळा झालाय, एकच चौकट कोरी आहे: 'अपघाताचे कारण'. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो ओट्यावरच राहिला.

मी बारा वर्षांची होते. संडे स्कूलमध्ये तुम्ही बायबलमधली मिसरच्या राजाची गोष्ट सांगत होतात. तो गुलामांना सोडत नाही, म्हणून देव एकामागून एक संकटं पाठवतो. नदीचं रक्त होतं, बेडूक येतात, गारा पडतात. राजा नरमतो आणि संकट टळलं की पुन्हा मन कठीण करतो. मी हात वर केला. "देवानेच त्याचं मन कठीण केलं असं लिहिलंय. मग शिक्षा त्याला का?" मागून कुणीतरी म्हणालं, "सरांची मुलगी सरांनाच नापास करणार!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "खाली बस," एवढंच. घरी आल्यावर तुम्ही कांदा चिरायला घेता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "प्रश्न बरोबर होता. पण तू तो देवाला कोंडीत पकडायला विचारलास." मी विचारते, मग उत्तर काय? "मला येत असतं तर वर्गातच दिलं असतं ना, बाई." मग हात पुसून तुम्ही पावणे एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात ड्रॉइंगवर खुणा करायला वापरायचात ती लाल-निळी पेन्सिल माझ्यापुढे ठेवलीत. बायबलात जिथे राजाने स्वतः मन कठीण केलं तिथे निळी खूण, देवाने केलं तिथे लाल. आठवडाभर मी तेच करत होते. सुरुवातीच्या संकटांत लाल एकही नाही, शेवटी जवळजवळ सगळ्या लाल. "बघ," तुम्ही म्हणालात, "आधी त्याने स्वतः केलं. देवाने मग त्याला त्याच वाटेवर सोडलं." मी पानं मागे उलटून आणखी एक लाल खूण दाखवली. संकटं सुरू व्हायच्या आधीच देव म्हणतो, मी त्याचं मन कठीण करीन. तुम्ही त्या खुणेवर बोट ठेवलंत. "ही राहू दे. खोडू नकोस."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता मी महाप्याला रसायनांच्या एका कारखान्यात आहे. टाकी किती भरली की अलार्म वाजवायचा, तो आकडा मी ठरवते. एका टाकीत फेस यायचा, तो माझ्या आकड्यापर्यंत चढला की त्यालाच पातळी समजून अलार्म दिवसातून चार-पाच वेळा उगाच वाजायचा. तिथला ऑपरेटर खाडीकडच्या गावचा, पन्नाशीचा. "मॅडम, माझी सासू पन एवरी वरडत नाय. कायतरी करा ना." मी म्हणाले, बघते. तो बटण दाबून आवाज बंद करत राहिला. मंगळवारी टाकी खरंच भरली. त्याने नेहमीसारखं बटण दाबलं. गरम द्रावण बाहेर आलं आणि खाली काम करणाऱ्या वेल्डरचे दोन्ही पाय भाजले.

मॅनेजर म्हणतात, "ऑपरेटरचा हलगर्जीपणा लिही, विषय संपला." तसं लिहिलं की त्याची नोकरी गेली. मशीनमधली नोंदही त्याच्याविरुद्ध आहे, आठवड्यात एकतीस वेळा बटण दाबलेलं दिसतं. पण त्यातल्या तीस वेळा अलार्म खोटा होता, माझ्या आकड्यामुळे. दुर्लक्ष करायची सवय मी लावायची आणि निवाडाही मीच लिहायचा. बारा वर्षांच्या मला हे चाललं नव्हतं.

काल त्याचा फोन आला. मला वाटलं, नोकरीसाठी गयावया करेल. "मॅडम, वेल्डर कसा हाय? मला हास्पिटलात कोन आत सोडत नाय." बरा आहे, म्हणाले. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून रिपोर्टमध्ये अजून नाही ते इथे लिहिते. त्या अलार्मबद्दल त्याने मला एकदा नाही, चार वेळा सांगितलं होतं. प्रत्येक वेळी मी 'बघते' म्हणाले. माझ्या डायरीत चारही तारखा आहेत. पेन्सिल तुमच्याच खणात सापडली. मघाशी चारही तारखांपुढे खुणा केल्या. लाल एकही नाही.